एकदा गोळी खाल्लेलं जॅकेट

सरकारी कामात माझ्या हातून मेलेला पहिला जीव म्हणजे एक कोंबडी. हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितलाय की गडचिरोलीतल्या दोन-तीन चहाच्या टपऱ्यांवर मला अजून 'कोंबडीवाला' म्हणतात. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. पुढचा किस्सा मात्र मी आजवर कुठल्या टपरीवर सांगितलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात होतो. गाव नागभीडकडचं, शिक्षण आयटीआयचं, फिटर. हातोडी बरी चालते एवढ्याच गुणावर साहेबांनी मला बंदुकांच्या दुरुस्तीला बसवलं होतं. त्या काळची जॅकेटं म्हणजे खाकी कापडाच्या पिशवीत पुढे एक आणि मागे एक पोलादी प्लेट. ते अंगात चढवलं की माणूस आधी गुडघ्यात वाकायचा. नदी ओलांडताना पाय घसरला तर गोळीची वाट बघायची गरजच नव्हती.

नवीन माल आला की त्यातलं एक जॅकेट काढून त्यावर गोळी झाडून बघायची, हे माझं काम. त्यासाठी बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, तळाची चिकणमाती लाकडी खोक्यात ठासून भरायची, खोक्याला जॅकेट घट्ट बांधायचं, अंतर मोजून गोळी झाडायची. मग जॅकेट सोडून मातीत केवढा खळगा पडला ते बघायचं. कारण गोळी अडली म्हणजे माणूस वाचला असं नसतं. प्लेट आत दबते, आणि दबते ती माणसाच्या बरगडीवरच. ती माती म्हणजे छाती. खळगा मी आगपेटीतल्या काडीनं मोजायचो. काडी पूर्ण बुडाली की जॅकेट बाद.

पहिल्याच चाचणीला मी खोकं ठेवलं मेसच्या कुंपणालगत. सावली होती म्हणून. गोळी प्लेटवर बसली, फुटली, आणि तिचे तुकडे प्लेटच्या कडेनं आडवे सुटले. बांबूच्या कुंपणापलीकडे काहीतरी फडफडलं आणि स्वयंपाकी पळत आला.

"साहेबाची कोंबडी मारली ना बे तुनं!"

"मेली तं आता शिजव ना. कापायची मेहनत वाचली तुही."

"छर्रे काय तू वेचशील काय रश्श्यातून?"

साहेब मागेच उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "निकाल काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जॅकेट पास, साहेब. कोंबडी नापास." त्यानंतर आठवडाभर मी मैदानातलं गवत कापलं.

पण एक गोष्ट खरी, की त्या दिवसापासून लोक चाचणी बघायला येऊ लागले. जंगलात जाणाऱ्या माणसाला कागदावरचा शिक्का दाखवून काही होत नाही. त्याला डोळ्यांनी बघायचं असतं. मग कोणी म्हणायचं, भाऊ, सागाची फळी लावून पाहा. लावली, आरपार. कोणी म्हणायचं, पत्र्याची पेटी. आरपार. तांदळाचं पोतं, पाण्याचा ड्रम, मोहाचा ओंडका, ठाण्याच्या भिंतीसारखी हातभर जाड मातीची भिंत. त्यांच्यातला जो तो आपण कशाच्या आड पडलो तर वाचू, हे विचारत होता. मी मात्र जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल मांडल्यासारखा खूश होतो. मोहाच्या ओंडक्याच्या वेळी जवळच्या पाड्यातला एक म्हातारा काठी टेकत आला. ओंडक्यातली भोकं बोटानं चाचपली आणि म्हणाला, "ह्या झाडानं तुझं काय बिघडवलं होतं बापू? त्याच्या फुलावर आमची चार पोरं जगली." मी दात काढले. माझ्याकडे उत्तर नसलं की मी दात काढतो. ती सवय अजून गेलेली नाही.

आता त्या चुकीकडे येतो. तिची सुरुवातही गमतीतूनच झाली.

चाचणीत मार खाल्लेली पोलादी प्लेट मी टाकून देत नसे. तिला पोचा पडायचा तेवढाच. ऐरणीवर ठेवून चार हातोडे मारले की पुन्हा कामाला तयार. पोलाद ते, त्याला काय धाड भरते! एका दसऱ्याला शस्त्रपूजा मांडली होती. बंदुकांना झेंडू वाहिले, हळदीकुंकू लावलं. शेजारी तसलंच एक पोचा पडलेलं जॅकेट होतं. मी त्या पोच्यात बोटभर कुंकू भरलं आणि मोठ्यानं म्हणालो, "हा आपला सिद्ध जॅकेट. यानं गोळी खाल्ली अन् पचवली. जो घालन त्याले ढेकर येईन, मरन नाई येनार."

सगळे हसले. आणि दुसऱ्या दिवशी एक जवान कोतात, म्हणजे आमच्या शस्त्रागारात, येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, तो कुंकवाचा मले देजा."

झालं. पुढची पाच-सहा वर्षं कुंकवाच्या जॅकेटांसाठी भांडणं होऊ लागली. नव्या कोऱ्या जॅकेटाला कोणी हात लावेना. त्यांचंही बरोबरच होतं. नवं जॅकेट काय करील हे कोणाला ठाऊक? यानं करून दाखवलेलं होतं. ती घालून गेलेली माणसं परतही आली. ज्यांच्यावर गोळीच झाडली गेली नाही तीही त्यात धरली गेली, पण असला हिशेब कोण करतो? मला तर मजाच वाटायची. एका साध्या फिटरला लोक देवऋषीला विचारावं तसं विचारू लागले, तर तो कशाला नको म्हणेल?

माझा एक मित्र तिथेच शिपाई होता. आमच्याच गावचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. लहानपणी एका बाकावर बसून आम्ही दोघांनी मिळून गणितात नापास व्हायचा उद्योग केला होता. पुढे तो पोलिसात आला, मी त्याच्या मागे आलो. तो फार बोलत नसे. माझे किस्से मात्र तो माझ्याहून चांगले ऐकायचा. नेमक्या जागी मान हलवायचा, आणि मी थाप मारू लागलो की आधीच हसायचा. त्याची बायको, माझी वहिनी, त्याच्या उलट. बाई मनातलं मनात ठेवणारी नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर नवी हलकी जॅकेटं आली. वजन जवळजवळ निम्मं. प्लेट पोलादाची नव्हती. पांढुरकी, फरशीसारखी, वर कापडाचे थर चिकटवलेले. सोबत इंग्रजी कागद होता. मी तो वाचला. म्हणजे मला जेवढा वाचता येत होता तेवढा. त्यात एक ओळ अशी होती की चाचणी केलेला नग पुन्हा वापरात देऊ नये. ती मला समजली होती. समजली नव्हती असं म्हणायची मला खूप वर्षं इच्छा होत राहिली, म्हणून इथं लिहून टाकतो: समजली होती.

चाचणी झाली. सगळे जमले. गोळी अडली. मातीत पडलेल्या खळग्यात अर्धी काडीसुद्धा बुडाली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी वाकून सलाम केला. नंतर ते जॅकेट कोतात आणलं. वरच्या कापडाला नखाएवढं भोक, बाकी काही नाही. पोच्याचा पत्ता नाही, ऐरणीची गरज नाही. उचलताना आतून काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं, सुपात वाळू हलावी तसं. मला वाटलं, गोळीचा भुगा असेल. ते मी नेमाप्रमाणे वेगळ्या ट्रंकेत ठेवलं. तिथंच राहिलं असतं तर ही हकीकत इथंच संपली असती.

महिन्या-दोन महिन्यांनी मित्राची बदली दक्षिणेकडच्या एका ठाण्यात झाली. त्या भागातून तेव्हा बऱ्या बातम्या येत नसत. जायच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं माझ्या क्वार्टरवर आले. वहिनीनं डब्यातून तळलेले मासे आणले होते. डबा माझ्या हातात देता देताच तिनं सुरू केलं.

"भाऊजी, याईले तो गोळी खाल्लेला जाकीट द्या."

"वहिनी, नवा कोरा देतो ना. अजून घडी मोडली नाई त्याची."

"नवा कोनी पाह्यला बाप्पा? मले नाई पायजे नवा. तुमीच तं सांगता साऱ्याईले, सिद्ध जाकीट म्हनून. का घरच्या मानसासाठी नाई हाय तो?"

मित्र पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. म्हणाला, "देऊन टाक ना बे. तीन दिवसांपासून हेच ऐकून राह्यलो मी. तू नाई दिला तं ही मले इथीच बांधून ठेवन."

"बांधूनच ठेवा, वहिनी. बदलीबी टळन."

तिला हसू आलं नाही. म्हणाली, "माह्यासाठी एवढं करा भाऊजी. मंग मी काही मागनार नाई."

ती ओळ माझ्या डोक्यात आली. ती कुरकुरही आली. पण आणखी एक गोष्ट आली, आणि ती जास्त मोठी होती: आता नियम सांगावा तर सिद्ध जॅकेटाचा माझाच पाच-सहा वर्षांचा खेळ खोटा ठरत होता. ज्याच्यापुढे मला कधी मान खाली घालावी लागली नव्हती असा माझा सगळ्यात खरा श्रोता समोर उभा होता. शिवाय हेही मनात आलं, की पोलादाच्या वेळी कुठं काय झालं? इतकी जॅकेटं गेली, इतकी आली. मी कोतात गेलो, ट्रंक उघडली. भोकाला आतून ठिगळ लावलं, वरून दोऱ्यानं शिवलं, आणि शिवणीवर कुंकवाचं बोट टेकवलं. कुंकू लावताना मी गुणगुणत होतो, हे मला चांगलं आठवतं.

मित्रानं जॅकेट अंगात घालून बघितलं. "हलका हाय बे," म्हणाला. "याच्यात तं पोहताबी येईन." वहिनीनं त्याच्या छातीवरून हात फिरवला, शिवणीवर थांबवला, आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. त्याच्यात मला विनोद करता येत नाहीत.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. तो आणि त्याची तुकडी एका कोरड्या नाल्यातून परतत होती. सकाळीच गोळीबार झाला. दुपारी वायरलेसवर बातमी आली, तेव्हा मी रायफलीच्या नळीत चिंधी घालत होतो. एक जण गेला, म्हणाले. नाव सांगितलं. मी चिंधी पूर्ण ओढून काढली, नळीतून बघितलं, रायफल जागेवर ठेवली. मग पुढं काय करायचं असतं ते मला आठवेना.

मुख्यालयात मानवंदना झाली आणि मग त्याला गावी नेलं. मी सोबत गेलो. तिथं काय झालं ते लिहीत नाही. कोणाच्याही गावात होतं तेच झालं.

चार दिवसांनी जॅकेट माझ्याकडे परत आलं. सरकारी वस्तू होती, कोतातून गेलेली, कोतातच यायची. मी दार लावून घेतलं आणि ब्लेडनं कापड उसवलं. प्लेट एकसंध नव्हतीच. माझी गोळी बसली होती तिथून चहूकडे तडे गेले होते, वाळलेल्या बोडीच्या तळाला जातात तसे. वरच्या कापडानं सगळे तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. दुसरं भोक पहिल्यापासून दोन बोटांवर, त्याच तड्यांच्या जाळ्यात. तिथं गोळीला अडवायला काहीच उरलेलं नव्हतं. जे होतं ते मी टाळ्यांच्या गजरात आधीच खर्च केलं होतं. पोलाद दबतं आणि तसंच राहतं. ही नवी वस्तू एकदाच अडवते, आणि अडवताना स्वतः फुटते. कागदातली ती ओळ तेवढंच सांगत होती.

चौकशी झाली. गोळी जवळून आली, बंदूक मोठी होती, असं लिहिलं गेलं. जॅकेट कोणतं होतं हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. निलंबनाची भीती वाटली असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. मी नुसता गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नको तिथं.

ट्रंकेत पुढच्या मालाच्या चाचण्यांतली तसली आणखी दोन जॅकेटं होती. ती मी मैदानात नेऊन घणानं फोडली. एक फुटकी प्लेट मात्र ठेवली. नवे जवान आले की ती त्यांच्या हातात द्यायचो, हलवून आवाज ऐकवायचो आणि सांगायचो, अशी कुरकुर ऐकू आली तर मला येऊन शिव्या द्या, पण हे घालून जाऊ नका. कुंकू बंद केलं. काही जुने लोक नाराज झाले. एक जण म्हणाला, "भाऊ, तुमचा देवावरचा विश्वास उडाला काय?" मी दात काढले.

वहिनीला सांगायचं होतं. तेरवीला गेलो, तेव्हा घरात पाहुणे होते. वर्षश्राद्धाला गेलो, तेव्हा तिची सासू बाजूला बसली होती. कारणं मला नेहमी मिळत आली आहेत. अखेर तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात, साध्याच दिवशी, काही निमित्त नसताना एसटीनं गेलो. बसमध्ये वाक्यं पाठ केली. "वहिनी, चूक माझी होती." पुढचं वाक्य "तुम्ही मागितला म्हणून" असं येऊ लागलं आणि मी तिथंच अडकलो. कारण ते वाक्य टाळून ही गोष्ट सांगताच येत नव्हती. मागितला तिनं होता. मी कसंही सांगितलं तरी ऐकताना तिला तेवढंच ऐकू आलं असतं.

ती तलावावर होती, शिंगाडे काढत. कमरेएवढ्या पाण्यातून काठाला आली, पदर पिळला आणि तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसली.

"काऊन आले भाऊजी? काही झालं काय?"

"नाई. सहज आलो."

"तुमी सहज येत नाई," ती म्हणाली. मग थोडा वेळ शिंगाड्यांची पानं झटकत राहिली. "सासू म्हनते, तुह्यामुळं निदान पोराले चांगला जाकीट तं भेटला. तू माह्या लेकासाठी कमी नाई केलं. मी हेच धरून बसली, भाऊजी. दुसरं काय हाय माह्यापाशी?"

पाठ केलेली सगळी वाक्यं गेली.

"एक सांगा मले," ती म्हणाली. "तुमी त्यातले जानकार. एवढ्या चांगल्या जाकीटातून गोळी गेली कशी?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. त्याचं एक उत्तर तीन वर्षं माझ्याकडे तयार होतं, आणि ते मी फार सहज दिलं. थापा मारायचा सराव होताच.

"बाजूनं गेली, वहिनी. काखेखाली प्लेट नसते. तिथी कोनताबी जाकीट काही करू शकत नाई. जाकीट चांगलाच होता. नशीबच म्हना."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ओला हात स्वतःच्या छातीवर ठेवला, डावीकडे, जिथं मी शिवण घातली होती त्याच जागी.

"मी चादर सारून पाह्यलं होतं भाऊजी. इथी होतं."

मला दात काढता आले नाहीत. पाळीवरून एक बाई टोपली घेऊन गेली, तिनं काहीतरी विचारलं, वहिनीनं तिला उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवत नाही.

ती बाई दूर गेल्यावर वहिनीनं खालच्या आवाजात विचारलं, "तसा अजून कोनाले तं नाई ना दिला तुमी?"

"नाई."

"खरं सांगा."

"नाई, वहिनी. बाकीचे फोडून टाकले मीनं. घणानं."

"बरं केलं."

एवढंच म्हणाली. माझ्यावर ओरडली नाही, रडली नाही, जा असंही म्हणाली नाही. पदर खोचला आणि पुन्हा पाण्यात उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा एकदा थांबली. मला वाटलं, आता वळेल. ती वळली नाही. हातानं वेल बाजूला करत पुढं पुढं जात राहिली, आणि मी परतीची गाडी निघून गेल्यावरही पाळीवर बसून होतो.